आत्याच्या मृत्युपत्राला मार्क

रेगेन्सबर्ग

ती. शिरीषदादास शुभदाचा साष्टांग नमस्कार (वाकता येतंय तोवर).

तुझा गुडघा आणि वहिनींचं पित्त बरं असेल असं धरून चालते. खुशाली विचारली की तू रिपोर्टच पाठवतोस, म्हणून विचारत नाही.

लेस्टरच्या आत्यानं घर तुझ्या नावे केलं ("घराण्याचं नाव चालवणारा" असं कागदावरच आहे) आणि अंमलबजावणी माझ्यावर सोपवली, कारण मी काटेकोर. आमच्या अन्वीच्या शाळेच्या प्रत्येक सुट्टीत इथून जर्मनीहून जाऊन आत्याला दवाखान्यात नेणारी मी आणि वाढदिवसाला व्हिडिओ कॉल करणारा तू, तेव्हा वाटणी बरोबरच झाली म्हणायची. मृत्युपत्र अमलात आणायला इंग्लंडच्या कोर्टाची मंजुरी लागते, तिचा अर्ज ऑनलाइन असतो, म्हटलं एका संध्याकाळी उरकेल. कसलं काय! मूळ मृत्युपत्र टपालानंच लागतं. तिथल्या वकीलबाईंनी ते आधी मला पाठवलं आणि कळवलं, सही करून "मार्क" करा. म्हणजे काय ते विचारेपर्यंत मी मनात आत्याला पस्तीस देऊन टाकले होते (काठावर पास). निघालं एवढंच, की हेच ते मृत्युपत्र म्हणून मागच्या बाजूला मी सही करायची, खाली त्यांनी.

त्याआधीच आमच्या ह्यांनी घोळ घातला. पद्माकरांना दिसेल ते स्कॅन करायची हौस. "अहो, पिन काढू नका," मी स्वयंपाकघरातून सांगितलं. "काढली," ते म्हणाले, "परत लावतो ना." दोन भोकांची चार झाली. वकीलबाई म्हणाल्या, मधलं पान बदललं की काय अशी कोर्टाला शंका येणार, खुलासा लिहून द्या. म्हणजे ज्या कागदानं मला काहीच दिलं नाही, त्यात मी फेरफार केला नाही हे मीच पटवायचं. केला असता तर घर दादाकडे राहू दिलं असतं का, असं मी त्यांना म्हटलं. त्या हसल्या नाहीत. "हे खुलाशात लिहू नका," म्हणाल्या.

सही करताना अन्वी शेजारी बसली होती. आत्याआजीनं तुला काय दिलं, तिनं जर्मनमध्ये विचारलं. "सही," मी म्हटलं. "आख् सो," म्हणजे 'असं होय', एवढंच म्हणाली आणि माझ्या पेनाला टोपण लावून दिलं.

अर्ज मंजूर झालाय. घर तुझं. अभिनंदन.

शुभदा

ता. क. विकायला काढण्याआधी आम्हाला चार दिवस तिथे राहू देशील का? किल्ली माझ्याकडेच आहे, पण आता विचारून गेलेलं बरं.

आणखी एक. शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हा मागच्या खोलीत आत्याचे कपडे वाळत होते. नंतर त्या खोलीत मला जाववलं नाही. तेवढ्या घड्या घालते, मग विक.