सरहद्दीवर खाल्लेला समेट

सान फेलिपे, चिली
रविवार

तीर्थरूप ओविदिओकाकांना रोमिनाचा नमस्कार.

तुमचा गुडघा आणि काकूंचं ब्लडप्रेशर आपापल्या जागी असतील अशी आशा करते. आम्ही चौघं सुखरूप चिलीत पोचलो. (चौघंच. पाचवी वस्तू पोचली नाही. त्याबद्दलच हे पत्र आहे, पण मला जरा वळसा घेऊन यावं लागेल. घाटानंही तसंच आणलं.)

निघताना तुम्ही घरी आतड्यात भरून वाळवलेलं डुकराच्या मांसाचं सालामे माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "हे फर्मीनला दे. बाकी काही बोलू नकोस." आजोबा गेल्यापासून तुम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोललेला नाहीत, तेव्हा हे नुसतं खाणं नव्हे, एवढं मला कळत होतं. घाटाच्या पायथ्याच्या मेंदोसापर्यंत मी ते तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन बसले. रेनाता दोनदा ओकली, बाउतिस्तानं आपला एक बूट खिडकीतून घालवला, पण सालामेला धक्का लागला नाही.

चिलीवाले बाहेरचं मांस, फळं, मध आत येऊ देत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुमचा जावई दारिओ म्हणाला, "सीटखाली सरकव आणि तोंड मिटून बस. सगळं जग तेच करतं." मी ऐकलंही असतं. पण मागे दोन मुलं होती, आणि आदल्याच आठवड्यात मी बाउतिस्ताला खोटं बोलण्यावरून भलंमोठं भाषण दिलं होतं. (शिवाय हुंगणारी कुत्री. यात तत्त्व किती आणि कुत्र्यांची भीती किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.) सरहद्दीच्या नाक्यावर मी काच खाली केली आणि सगळं सांगून टाकलं: सालामे, दोन सफरचंदं, आणि रेनाताच्या खिशातलं अर्धं चघळलेलं जर्दाळू, ज्याबद्दल कुणी विचारलंही नव्हतं. तपासणीवाली मुलगी हातमोजे चढवत म्हणाली, "बाई, एक तर पिंपात टाका, नाहीतर गाडी बाजूला घेऊन खाऊन या. पोटातून न्यायला बंदी नाही."

तुमचं सालामे पिंपात? माझा हात होईना. मग आम्ही ते खाल्लं, काका. पाव आधीच संपला होता, म्हणून बॉनेटवर कापून नुसतंच. शेजारच्या गाड्यांचीही तीच गत होती. कुणी पीच संपवत होतं, एक नन चमच्यानं मध खात होती, आणि त्या बर्फाळ वाऱ्यात एखाद्या लग्नाची पंगत बसावी तसं झालं. मला मजा वाटली, हे कबूल करताना लाज वाटते. शेवटचा दोन बोटांएवढा तुकडा एका ट्रकवाल्यानं खाल्ला आणि विचारलं, "कुणाच्या हातचं?" मी अभिमानानं तुमचं नाव सांगितलं.

इथे सान फेलिपेत फर्मीनकाकांच्या दारात मी रिकाम्या हातांनी उभी राहिले आणि घडलं ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे भावानं इतक्या वर्षांनी काहीतरी पाठवलं, आणि तुम्ही ते गिळलंत. चव तरी कशी होती?" दारिओ म्हणाला, "छान होती." "छान म्हणजे काय? घोडासुद्धा छान असतो." तेवढ्यात रेनाता म्हणाली, "त्यात बडीशेप होती. मी थुंकत होते."

काका, तुमचं भांडण सालामेत बडीशेप घालावी की घालू नये यावरून होतं हे मला कुणी सांगायचं? घरात सगळे जमिनीचं नाव घ्यायचे. फर्मीनकाका म्हणाले, "शक्यच नाही. ओविदिओ मरेल, पण बडीशेप घालणार नाही." मग चष्मा आला, टॉर्च आला, रेनाताला स्टुलावर उभं करून तोंड उघडायला लावलं, आणि मागच्या दाढेतून पुरावा निघाला. त्यांनी त्याचा वास घेतला. (इतक्या वळणांनंतर आणि त्या जर्दाळूनंतर कसला वास आला असेल, देव जाणे.) "घातली गाढवानं," एवढंच म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ नळ चालू होता.

तुमची पुतणी,
रोमिना

ता. क. सालामे अप्रतिम होतं. माफी मागताना हे लिहावं की नाही, यावर मी अजून विचार करते आहे.

ता. क. २. फर्मीनकाकांनी सकाळपासून तुमच्यासाठी सालामे भरायला घेतलंय, बिनबडीशेपीचं. आपल्या बाजूलाही असली आयात चालत नाही, आणि दारिओचं पोट पुन्हा या कामाला तयार नाही. तेव्हा ते खायला तुम्हीच इकडे या. त्यांनी बोलावलंय असं मुळीच लिहू नकोस, अशी त्यांची ताकीद आहे, म्हणून मी तसं लिहीत नाही. फक्त त्यांनी एक पलंग झाडून खिडकीशी सरकवलाय, आणि तुम्ही अजून घोरता का, असं दोनदा विचारलंय.