एका मताने पुढे ढकललेलं लग्न

परदेशीपुरा, इंदूर
२१ एप्रिल १९९९

ती. अक्कास,

किसनचा सविनय जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला भुसावळच्या धुळीत बरा होईल ही आशा मी सोडली आहे, तरी विचारतो. इकडे सर्व खुशाल, म्हणजे तू पत्रात घातलेल्या शिव्या खाण्याइतके आम्ही धडधाकट आहोत. (कागद पाहून नाक मुरडू नकोस. अठ्ठ्याण्णवच्या लग्नपत्रिकांच्या पाठी कोऱ्या आहेत. शहाण्णवच्या संपल्या, तुझ्या भावजयीने, आनंदीने, त्यांवर सियागंजच्या किराण्याच्या याद्या केल्या.)

तू लिहितेस, दिल्लीचं सरकार पडल्याची बातमी ऐकली आणि आधी माझं तोंड आठवलं. माझ्या पंचशीलाच्या लग्नाची तारीख तिसऱ्यांदा हलवलीस तर दीर त्यांच्या बुद्धरत्नासाठी दुसरी मुलगी बघतील, अशी धमकीही दिलीस. आता तूच सांग, यात माझा काय दोष? आपल्यात मुहूर्त नाही, पंचांग नाही. महूच्या पलटणीतल्या आपल्या आजोबांनी ते खूळ घराबाहेर काढलं, आणि नातवावर काय वेळ आली, तर लोकसभेकडे पाहून तारीख काढायची! ग्रह परवडले. ते निदान आपल्या वेळेवर फिरतात.

शहाण्णवच्या मेमध्ये लग्न ठरलं होतं. तुझा पुतण्या पडला बऱ्हाणपूरला सरकारी शाळेत मास्तर. पत्रिका वाटून झाल्या आणि त्याला निवडणुकीची ड्यूटी लागली. इकडे मंडप, तिकडे नवरदेव सातपुड्यातल्या कुठल्याशा गावी मतपेटीवर बसलेला. पुढचं वर्ष तुझ्या जाऊबाईंच्या ऑपरेशनात गेलं. (त्या बऱ्या आहेत ना? आमच्या नावाने बोटं मोडतात असं ऐकतो, म्हणजे बऱ्या असाव्यात.) मग अठ्ठ्याण्णवचा फेब्रुवारी धरला, तर डिसेंबरातच लोकसभा बरखास्त. या खेपेला नवरदेव तर गेलाच, पण शाळेचा हॉलही गेला. जिथे आपण त्रिसरण म्हणायचं तिथे लोक बोटाला शाई लावून घेत होते.

तरी मी धीर सोडला नाही. यंदा बुद्धपौर्णिमा धरली, तीस एप्रिल. चौदाला महूला जाऊन जयंतीला डोकं टेकवून आलो, आणि तीनच दिवसांनी टीव्हीवर लोकसभेतली मतं मोजताना दाखवली. एक मत! अक्का, मी मिलच्या साचेखात्यात मागांवर जॉबर होतो तेव्हा चहा कुठल्या टपरीवरून आणायचा यावर हात वर केले तरी दहा-बारांचा फरक पडायचा. इथे एवढ्या मोठ्या देशाची लोकसभा, वय वर्षं एक, आणि एका मताने आडवी. मी टीव्ही बंद केला, चपला घातल्या, हॉलवाल्याला सांगून आलो की तीस तारीख रद्द. तो म्हणाला, "अरे भिया, सरकार आज गिरी, तो क्या इलेक्शन कल सुबे हो जाएगा?"  घरी येऊन बऱ्हाणपूरसाठी तार लिहिली आणि सोमवारी ऑफिसला जाताना टाक म्हणून पंचशीलाकडे दिली. तीही म्हणाली, बाबा, तेरा दिवसांत निवडणूक लागत नसते. मी म्हटलं, मिल बंद होणार नाही असंही सगळे म्हणायचे, आणि सकाळच्या पाळीला गेलो तर फाटकाला कुलूप. त्याच साली देशाचे दरवाजे उघडले म्हणून दिल्लीत भाषणं चालली होती. सात वर्षं झाली, दरवाजे उघडेच आहेत म्हणे, आमचं फाटक तेवढं कुणी उघडत नाही. तेव्हापासून कुणी 'असं होत नसतं' म्हणालं की माझं डोकं सणकतं. आनंदी तर शनिवारपासून माझ्याशी बोलतच नाही, ताट मात्र आदळते.

तेव्हा दिरांना म्हणावं, राग दिल्लीवर काढा. नवी लोकसभा येऊ दे, वर्षभर एका जागी बसू दे, मग बघू. दाजींना जयभीम.

तुझा वैतागलेला भाऊ,
किसन

ता. क. अक्का, वरचं सगळं खरं आहे, पण तारीख हलवण्याचं ते कारण नव्हे. तेरा दिवसांत निवडणूक लागत नाही हे मलाही कळतं. सरकार पडलं तेव्हा मला बरं वाटलं, आणि मग फार लाज वाटली. घर पोरीच्या पगारावर चालतं हे तर आहेच. पण मिल गेली तरी मी अजून पाचला उठतो. तिचा डबा मी भरतो. ती सांवेर रोडच्या कारखान्यातल्या ऑफिसात जायला निघते तेव्हा कोपऱ्यापर्यंत तो मीच धरतो. घरातून कुणी डबा घेऊन कामावर निघालं की मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो. ती बऱ्हाणपूरला गेल्यावर पाचला उठून मी काय करू? माझ्या हातून हे लग्न लागायचं नाही. तू ये आणि लाव, मला विचारूसुद्धा नकोस. एवढंच लिहायला बसलो होतो.

आत्या, जयभीम. मी पंचशीला. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे आलं, पाकीट उघडं होतं, वाचलं. तार माझ्या पर्समध्येच आहे आणि हॉल मी सोमवारीच परत बुक केला. तीस तारीख एकदम पक्की. आता ती हलवून चालणारच नाही. बायकोची नोकरी इंदूरची असली तर यांना इकडे बदली मागता येते, आणि इथून रोज ये-जा करता येईल अशा सांवेरच्या शाळेत जागा रिकामी आहे. पण अर्जाला लग्नाचा दाखला लागतो, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की बदल्या बंद. म्हणजे सरकार पडलं म्हणूनच तर घाई आहे! मी नोकरी सोडत नाहीये, खोलीपण परदेशीपुऱ्यातच बघून ठेवली आहे. बाबांना शनिवारपासून हेच सांगून राहिली आहे, पण ते दिल्लीवर चिडण्यात बिझी आहेत. तुम्ही आल्यावर सांगा. आणि हेपण सांगा की जुलैपासून डबे दोन भरायचे आहेत, यांना भेंडी चालत नाही.