पांढऱ्या पँटमधल्या बायका

प्रिय ठकूस,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, मीटिंग आहे म्हणून ठेवून देतेस. म्हणून कागद घेतला. आता तोड बघू मला मध्येच.

मागच्या खेपेला तू माझ्या टेबलावर तुमच्या कंपनीच्या मोठ्यांच्या डायपरची नवी पाकिटं मांडलीस आणि विचारलंस, यातल्या कुठल्या बाईचा फोटो बघून दुकानात हात पुढे जाईल? फोटो निवडणं तुझं काम, आणि ऑपरेशनपासून मी ते डायपर वापरते हे फक्त तुला ठाऊक. जावईबापूंनाही कळू नये म्हणून माझं पाकीट तू काळ्या पिशवीत घालून, वर टॉवेल गुंडाळून आणतेस. जसा काही चोरीचा माल!

मी म्हटलं, एकीच्याही नाही. तू फुगून बसलीस. अगं, त्या सगळ्या जेमतेम चाळिशीच्या, केसांना पावडर फासलेल्या, हिरवळीवर दात काढत धावणाऱ्या. आणि झाडून सगळ्या पांढऱ्या पँटमध्ये! जिला हा त्रास आहे ती बाई कपाटातून आधी गडद कपडे काढते आणि खुर्चीवरून उठली की वळून खुर्ची बघते. पांढरी पँट घालायची हिंमत तिला ह्या जन्मी होणार नाही. हे ऐकून तू डोळ्यांत पाणी येईतो हसलीस. मग ऑफिसात सांगितलंस, तुझ्या मॅडमही हसल्या आणि ठरलं, की खरोखर वापरणाऱ्या बायकांचेच फोटो काढायचे. फोटोसाठी अशा बायका हव्यात, अशी पाटी औषधांच्या दुकानांतही लागली. इथवर सगळं छान होतं. मी म्हटलं, मग माझाच काढा की, तेव्हा मात्र तुझं तोंड उतरलं. लोक काय म्हणतील, सासरचे काय म्हणतील, आई, तू शिकवलेल्या मुली बघतील.

बघू देत. इतकी वर्षं शाळेत खेळाची बाई म्हणून त्यांना मैदानावर पळवलं, माझ्या पाठीमागे मला शिट्टी म्हणायच्या तेही मला माहीत होतं. त्या काय माझं नाव घालवणार!

तुला ती शर्यत आठवते? तू अगदी लहान होतीस, रांगेत उभी होतीस आणि घाबरून तुझा फ्रॉक ओला झाला. शेजारच्या मुली खुसखुसायला लागल्या. तू मान वर करेनास. मैदानावर पाणी मारायचा पाईप पडला होता, तो मी उचलला आणि अख्खी रांग भिजवली, स्वतःलाही. हेडबाईंनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली. पण तुला मी घरी पाठवलं नाही. तू धावलीस, शेवटून दुसरी आलीस आणि दिवसभर तोऱ्यात फिरलीस.

ऑपरेशननंतर मी मैदानावर जायचं सोडलं. गुडघे दुखतात म्हणून सगळ्यांना सांगितलं. गुडघ्यांना काही धाड भरली नव्हती. रस्त्यात काही झालं तर काय, ह्या भीतीनं मी खिडकीशी बसून राहिले आणि फार रडले, हे तुलाही सांगितलं नाही. मग तूच ते पहिलं पाकीट आणलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालून मैदानाला फेरी मारून आले. घरी आल्यावर एकटीच हसत बसले होते. ह्यात लपवण्यासारखं काय आहे ते मला तरी कळत नाही.

आता पत्राचं खरं कारण. सोमवारी तुझ्या टेबलावर फोटो येतील. नावं नसतील, तुमची तशी पद्धत आहे म्हणे. त्यातली बाकावर बसून बुटाची नाडी बांधणारी, निळ्या ट्रॅकसूटमधली म्हातारी मी आहे. दुकानातली पाटी वाचून मीच फोन केला. फोटोवाला आभाळाकडे बघून हसा म्हणत होता. मी म्हटलं, आभाळात काय ठेवलंय? नळ दुरुस्त करायला आलेल्या जावईबापूंनाही सांगून टाकलं. त्यांना इतके दिवस वाटत होतं, की मला साखर असूनही तू त्या काळ्या पिशवीतून चोरून मिठाई आणतेस. फोटो वाईट आला असेल तर खुशाल बाद कर. पण आई आहे म्हणून बाद करशील, तर खबरदार. आणि पुढच्या खेपेला येशील तेव्हा माझं पाकीट पिशवीत घालू नकोस. हातात धरून आण, फाटकापासून दारापर्यंत. मी दारातच उभी राहीन.

तुझीच,
शिट्टी