चहा प्यायलेली पोथी आणि बव्हेरियाचं पदक

बाई, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा या पत्रातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तुम्ही काढणार नाही, एवढा धीर आहे. मी ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात काम करते आणि, हसू नका, शंभरेक वर्षांपूर्वीची जर्मन लष्करी पदकं जमवते. तेव्हा तिकडे राज्यंच राज्यं, बव्हेरिया काय, सॅक्सनी काय. प्रत्येक राजा आपल्या शिपायांना पदकं वाटायचा. आता राजांपेक्षा उदार आहेत ते नकली करणारे. त्यामुळे माझा छंद पदकांचा कमी आणि संशयाचा जास्त. टपालाने पाकीट आलं की मी आधी हुंगते. नवरा म्हणतो, "एकदा मलाही भिंगाखाली धर. इतक्या वर्षांनी नकली निघालो तर पंचाईत."

हा संशय तुमच्या स्वयंपाकघरातला. मी पंधरा वर्षांची, तुमच्याकडे संस्कृत शिकायला येणारी, जुन्या बाजारातून 'प्राचीन' पोथी आणली आहे. तुम्ही भाजणी भाजताय. झारा ठेवून पान नाकाशी नेता आणि म्हणता, "अगं, ही पोथी चहा प्यायली आहे!" खरी पोथी बोटं लागतात त्या कोपऱ्याला मळते, ही चहात बुडवल्यासारखी सगळीकडे सारखी पिवळी. मग हात पुसून "आण, पाठ तरी कसा आहे बघू" म्हणालात, आणि वर्षभर तीच शिकवलीत. माझ्या लक्षात मात्र चहा तेवढा राहिला.

पदकांनाही मी तोच नियम लावला. छातीवर लावलेलं पदक कोटाला घासून मागून झिजतं. लबाड माणूस पुढून झिजवतो.

गेल्या हिवाळ्यात शेजारचे म्हातारेबुवा आले. जर्मन, पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झालेले, मूलबाळ नाही. जुनी जर्मन अक्षरं मला वाचायला शिकवली ती त्यांनीच. रुमालातून त्यांनी आजोबांचं पदक काढलं. बव्हेरियाच्या राजाचं नाक पार झिजलेलं, पाठ मात्र कोरी करकरीत.

"हे चहा प्यायलंय," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे नकली. कुणीतरी तुमच्या आजोबांना फसवलं, नाहीतर आजोबांनी तुम्हाला."

"आजोबांनी ते कधी लावलंच नाही," ते म्हणाले. "ज्या लढाईसाठी मिळालं, तिच्यातच त्यांचा भाऊ गेला होता. आजीने चौकटीत बसवलं आणि दर रविवारी समोरून राखेने घासलं. ती चौकट मी आज सकाळी उघडली. तुला द्यायला."

रुमालाची घडी नीट घातली आणि गेले.

मी जाऊन माफी मागितली. "नो वरीज," म्हणाले. कुंपणाशी भेटले की हात करतात, पण घरात येत नाहीत. त्या 'नो वरीज'मध्येही मी खोट शोधते आहे.

पदकांच्या पेटीतला एक खण मी रिकामा ठेवला आहे. हे पत्र त्यातच ठेवेन, पत्ता तरी कुठला घालू? पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी 'नकली' म्हटल्यावर मी वर असंही म्हणाले होते, "माझ्या बाई असत्या तर त्यांनीही हेच सांगितलं असतं." तुमच्या नावावर खपवलं, बाई. तुम्ही आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, ऐकला असतात. तुम्ही त्यांना विचारलं असतं, हे इतके दिवस होतं कुठे?