अक्काच्या दारापर्यंत

३ फेब्रुवारी
रुतले. नदीच्या मधोमध, कोरड्या वाळूत, अक्काच्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर. फोर बाय फोरचं बटण दाबलं तर दिवा नुसता लुकलुकतोय, पुढची चाकं ढिम्म, मागची वाळू उकरतायत. शेवटी अक्काच्या थोरल्या मुलाने, प्रमोदने, ट्रॅक्टर लावून ओढली. तो हसत होता, मला रडू येत होतं. महिन्यापूर्वी हीच गाडी थेट दारात गेली होती! जळगावहून जुनी घेतली ती याच एका कामासाठी, थोरल्या बहिणीच्या दारात जाता यावं म्हणून. साठी उलटल्यावर बाईला जीपगाडी कशाला, हे सगळ्या गल्लीने विचारून झालंय.

४ फेब्रु.
अक्काचा एक डोळा गेलेलाच. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. धुळ्यात ऑपरेशनला २० तारीख मिळालीय आणि ही बया अडून बसलीय. फोनवर: "गाडी दारशी लई ये, मंग मी येसू." गाडी दारात आण, तरच येणार. ट्रॅक्टरमध्ये गुडघे हादरतात. दुसरा रस्ता नाही. मागे प्रमोदने तिला पाठीवर घेऊन नदी ओलांडली तर अख्खं शिवार बघत होतं म्हणे. "मी काय कापूसनं गठुडं शे का?"
आमच्या घरात हट्ट आईकडून आलाय. मला थोडा कमी मिळाला, असं मी समजते.

७ फेब्रु.
सलीमचं गॅरेज. माझा जुना विद्यार्थी. आठवीत विज्ञानात काठावर पास, आता धुळ्यातल्या निम्म्या जुन्या जीपगाड्या याच्याकडे. फ्यूज ठीक. बटण ठीक. मग गाडीखाली आडवा झाला, "बाई, बटण दाबा." टक्. "आवाज आला ना? म्हणजे मधला गिअर लागतोय. पुढची चाकंच त्याला जोडली जात नाहीत."
इतकं नेमकं उत्तर आठवीत दिलं असतं तर! चहा पाजला त्याने. गाडी ठेवून रिक्षाने घरी.

१० फेब्रु.
दोष जुन्या मालकाचा, असं मी ठरवून टाकलं. जळगावला फोन लावून चांगलं झापलं. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वतः चालवून बघितलीत ना?" बघितली होती. तरी झापलं.
दुपारी अक्काचा फोन. डोळ्याबद्दल अवाक्षर नाही. भरताची वांगी संपत आली, कधी येतेस, वगैरे. मग सहज म्हणाली, चुलीवर दूध उतू गेलं, दिसलंच नाही. हसली वर. फोन ठेवून कॅलेंडरवर दिवस मोजले. भीती वाटते मला. दहा दिवस उरले.

१२ फेब्रु.
सापडलं!!
या गाडीत पुढची चाकं हवेच्या ओढीने जोडली जातात म्हणे. सलीमने इंजिन चालू ठेवून एक बारीक रबरी नळी पंपापाशी काढली, तिच्या तोंडाशी मला बोट धरायला लावलं. बोट चिकटलं. मी लगेच निर्वात पोकळी समजावायला लागले, तीस वर्षांची खोड. "हो बाई, वर्गात दाखवलेलं, ग्लासवर पोस्टकार्ड," म्हणाला निमूटपणे, आणि तीच नळी चाकाकडच्या टोकाला तपासली. तिथे ओढ शून्य. म्हणजे मध्येच कुठेतरी... चाचपत चाचपत बॅटरीच्या मागे थांबला.
काळा दोरा. सात वेढे, त्यात ओवलेला बिबा, नजर लागू नये म्हणून बांधतात तसा. नळी आवळून पार चपटी झालेली.
भडकलेच. आयुष्यभर पोरांना लिंबू-मिरचीविरुद्ध भाषणं दिली आणि माझ्याच गाडीत! "कोणी बांधलं हे?"
"मैंने तो नहीं, बाई."
मग गाठ नीट बघितली. गोधडीची गाठ. दुहेरी, टोक आत खोचलेलं. अशी गाठ आमच्याकडे एकच बाई मारते.
जानेवारीत अक्काच्या दारात बॉनेट उघडून मी सगळ्यांना इंजिन दाखवत होते. मिरवतच होते, खोटं कशाला बोलू. हातपाय धुवायला गेले तेवढ्यात तिने कारभार उरकला असणार. दिसत तर नाही. हाताला जी दोरी लागली तिला बांधलं. परतताना उतार होता, वाळूत ओल होती, बटण लावावंच लागलं नाही, म्हणून कळलं नाही.
"फेकून दे ते."
"कुणीतरी जीव लावून बांधलंय, बाई. फेकायचं कसं?"
फेक म्हटलं ना, म्हणून ओरडले आणि शेजारच्या टपरीवर जाऊन बसले. परत आले तोवर नवी नळी बसली होती. बटण दाबलं. दिवा लागला आणि लागूनच राहिला.

१९ फेब्रु.
गेले! नदीत उतरण्याआधीच बटण. गाडी वाळूतून अशी निघाली की मी एकटीच मोठ्याने "शाब्बास" म्हणाले. अक्का नवं लुगडं नेसून ओट्यावर तयार, मांडीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी बांधलेलं फडकं. तिला काय काय सुनवायचं ते वाटेत पाठ करून गेले होते. तिने चाचपत बॉनेटवर हात ठेवला, "दोरा शे ना व?"
आणि मी, विज्ञानाची बाई, म्हणाले, "शे."
मगच बसली. पट्टा लावून दिला तर म्हणते, "जास्ती आवळू नको व माय." हसून हसून मला गाडी सुरू करता येईना.

२० फेब्रु.
ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर खूश. पट्टी उद्या सुटणार.
व्हरांड्यातून सलीमला फोन केला. तो दोरा ठेवलायस का रे? "बाई, तो त्याच दिवशी तुमच्या बंपरच्या आत बांधला. नळीपासून हातभर लांब." म्हणजे काल मी खोटं बोललेच नाही. मला झापता आलं नाही त्याला.
अक्का पलंगावर पडल्या पडल्या दवाखान्याच्या वरणाला नावं ठेवतेय. फार बरं वाटतंय ऐकायला. नळीचं तिला सांगू की नको, सकाळपासून घोळ चाललाय. सांगायचं नसेल तर आजच काय ते निभावून न्यायला हवं. उद्या तिला माझं तोंड दिसणार.