पीळ नसलेली मान

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गिटार दुरुस्ती व पारख, लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. हात थोडे थरथरतात, पण त्याचा बुद्धीशी संबंध नाही असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हा कागद मी कोणाच्या धाकानं, आग्रहानं किंवा लाडीगोडीनं लिहीत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मजकूर आटोपशीर ठेवा, असं वकीलबाईंनी दोनदा बजावलं होतं. त्यांनी फी घेतली आहे, तेव्हा त्यांना हे सगळं वाचावंच लागेल.

१. दुकान, त्याच्यावरच्या दोन खोल्या, भांडीकुंडी आणि बँकेत जे काही असेल ते, सगळं माझ्या बायकोच्या मालकीचं राहील. त्यात कुणाचा वाटा नाही. तिनं ते वाटेल तसं उडवावं. ती उडवणार नाही हे मला पक्कं माहीत आहे, पण मुभा असावी. जिन्याची तिसरी पायरी गेली अकरा वर्षं 'उद्या करतो' म्हणून राहिली होती. ती परवा ठोकून घट्ट केली आहे. आम्हाला मूलबाळ नाही.

२. कार्यक्रमांत गाणी वाजवणारा एक ऑर्केस्ट्रावाला माझा अँप्लिफायर 'दोन दिवसांत आणून देतो' म्हणून घेऊन गेला, त्याला आता सोळा वर्षं झाली. तो त्याला बक्षीस दिला असं समजावं. निदान मी गेल्यावर तरी त्यानं आमच्या दुकानासमोरून ताठ मानेनं जावं, गल्लीतून वळसा घेऊन त्याचे गुडघे दुखायला लागले असतील.

३. रस्त्यापलीकडच्या वाद्यांच्या दुकानदाराला मी तीस वर्षं 'खोकेवाला' म्हणत आलो, कारण त्याच्याकडे चीनमधून गिटारी येत आणि फुटपाथवर खोक्यांची चळत लागे. नाव मी पाडलं आणि ते असं चिकटलं की आता त्याची बायकोही त्याला त्याच नावानं हाक मारते. 'चिनी म्हणजे सरपण' हे वाक्यसुद्धा माझंच. ते ऐकून किती गिऱ्हाइकं त्याच्या पायरीवरून माघारी फिरली, याचा हिशेब त्यानं कधी मागितला नाही. माझी सगळी हत्यारं, म्हणजे पोलादी सरळ पट्टी, तीन कानशी, सोल्डरिंगची कांडी आणि पेचकसांचा डबा, त्याला द्यावीत. पारख नसेल तर हत्यारं म्हणजे नुसतं लोखंड, म्हणून तीही सोबत लिहून देतो.

चिनी गिटार हातात आली की आधी देश विसरावा. एकाच खोक्यातून आलेल्या दोन गिटारींत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तेव्हा खोक्यावरून भाव करू नये. मानेच्या, म्हणजे पट्ट्या बसवलेल्या लांब दांडीच्या, कडेवरून अंगठा फिरवावा. धातूच्या पट्ट्यांची टोकं बोचली तर घाबरू नये, ते कानशीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. खुंट्या ढिल्या असतील, आतलं सोल्डरिंग गचाळ असेल, तारा टेकायचा प्लास्टिकचा तुकडा हलका असेल, हे सगळं बदलता येतं. रंगाला भुलू नये, जाड चकचकीत रंगाखाली लाकडाचे किती तुकडे जोडले आहेत ते दिसत नाही. बघायची ती मान. एक तार पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर दाबून धरावी, मधे जाडसर कागद सरकेल एवढीच फट हवी. मग गिटार डोळ्याशी धरून, नेम धरतात तशी, मानेवरून नजर टाकावी. दोन्ही कडा एका पातळीत दिसल्या तर ती कुठेही बनलेली असो, घेऊन टाकावी. एक कड उठलेली आणि दुसरी बसलेली दिसली तर मानेत पीळ आहे, आणि अशा पिळावर माझ्याकडे तरी कधी औषध नव्हतं. हे सगळं मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पुढे जे सांगणार आहे ते मी अडाणीपणानं केलेलं नाही. तसं असतं तर बरं झालं असतं.

४. माझा निळ्या चौकटींचा नॅपकिन कुणी आठवण म्हणून ठेवू नये. दर शनिवारी संध्याकाळी दुकानात वाजवणारी मंडळी जमत, मी तो डोळ्यांना बांधून बसे, ते एकेक गिटार हातात देत आणि ती कुठली, कशी, काय लायकीची हे मी सांगे. वीस वर्षांत एकदाही चुकलो नाही. त्यावरून लोक मला 'पारखी' म्हणू लागले. खरं असं आहे की नॅपकिन लहान होता आणि नाकाच्या कडेनं खालचं दिसायचं. आधी गिटारीच्या डोक्यावर, खुंट्यांपाशी लिहिलेलं कारखान्याचं नाव बघायचो, मग अंगठा फिरवायचो. त्याचा फरशी पुसायला उपयोग करावा.

५. आता लाल गिटारीकडे येतो. इथे पेन तीनदा खाली ठेवलं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, माझी एकुलती एक भाची, वीस वर्षांची असताना वर्षभर शिकवण्या करून खोकेवाल्याकडून एक लाल चिनी गिटार घेऊन आली. माझ्याकडेही तशीच लाल गिटार होती, त्याच आकाराची, फक्त परदेशातल्या एका नावाजलेल्या कारखान्याची. बायकोनं साठवलेलं सगळं तिच्यापायी गेलं होतं. चार वर्षांत त्या गिटारीच्या मानेला पीळ पडला आणि ती पेटीसकट कपाटात गेली. हे शनिवारच्या सगळ्या मंडळींना माहीत होतं.

त्या शनिवारी भाची म्हणाली, "मामा, आज नॅपकिन नको, माझा स्कार्फ बांधते." दोन वेढे घेऊन तिनं कानामागे गाठ मारली आणि माझ्यासमोर मिट्ट काळोख झाला. पहिल्या दोन गिटारी अंदाजपंचे सांगितल्या, नशिबानं खपल्या. तिसरी हातात आली आणि माझी बोटंच गप्प झाली. मान हातात बसली ती अशी, की सोडवेना. एक सूर छेडला. तो टेबलावरच्या अँप्लिफायरमधून माझ्या पोटापर्यंत आला आणि तिथेच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी खरी पारख करत होतो आणि ती मला जमत होती. 'यापेक्षा चांगली गिटार या दुकानात आजवर आलेली नाही,' हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. शेवटी सवयीनं गिटारीच्या डोक्यामागे अंगठा नेला तर तिथे कारखान्याचा छोटा स्टिकर लागला. खोकेवाल्याच्या सगळ्या मालावर तो तिथेच असे.

दुकानात दहा-बारा माणसं श्वास रोखून बसलेली. खोकेवाला दारात उभा, त्याचा खोकला मी ओळखला. मी म्हणालो, "चिनी आहे. आणि मानेत पीळ आहे. सरपण."

टाळ्या पडल्या, मंडळी खो खो हसली. मी स्कार्फ काढला. भाचीही हसायचा प्रयत्न करत होती. खोकेवाला पुढे आला, बघू द्या, पीळ असेल तर बदलून देतो म्हणाला. त्याला भाचीनंच अडवलं. म्हणाली, "राहू द्या काका, मामांना कळतं." मान कशी बघतात हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर मला कोण विचारणार?

पुढच्या आठवड्यात एका वाद्यवृंदाच्या निवडीसाठी तिला वाजवायचं होतं. सरपण घेऊन कुठे जायचं, म्हणून ती गेली नाही. दुसऱ्याची मागून नेणाऱ्यांतली ती नाही. गिटार माझ्याकडेच ठेवून म्हणाली, हिचं काय ते तुम्हीच करा.

मी काय केलं ते लिहितो. स्टिकर पात्यानं खरवडला. डोक्यावर त्या नावाजलेल्या कारखान्याचं नाव पाट्या रंगवणाऱ्याकडून हुबेहूब लिहून घेतलं. गिटार माझ्या जुन्या पेटीत ठेवली आणि जुनी गिटार माळ्यावर टाकली. महिन्याभरानं मंडळींना सांगितलं की माझ्या गिटारीचा पीळ मी ऊब देऊन आणि शिकंज्यात धरून काढला. न निघणारा पीळ काढणारा माणूस म्हणून माझं नाव आणखी झालं. एकोणीस वर्षं मी ती वाजवतो आहे आणि एकोणीस वर्षं लोक म्हणताहेत, शेवटी अस्सल ते अस्सल.

बायकोनं मला पातं चालवताना पाहिलं होतं. एवढंच म्हणाली, "अहो, हे बरं नाही केलंत." तेव्हापासून मी गिटार हातात घेतली की ती आत जाऊन नळ सोडते. भांडी नसली तरी सोडते.

दोन वर्षांनी भाचीनं ती वाजताना ऐकली. बराच वेळ ऐकून तिनं विचारलं, "मामा, तुमच्या गिटारीचा पीळ काढलात, मग माझ्या का नाही काढलात?" मी म्हणालो, चिनी लाकूड पीळ सोडत नाही. तिनं मान डोलावली आणि पुन्हा कधी विचारलं नाही, वाजवलंही नाही. सुंभ जळतो पण पीळ जात नाही असं म्हणतात. माझा तर सुंभही जळत नव्हता, उलट मला मानपत्रं मिळत होती.

आज ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. माझा चष्मा तीच करते, माझ्याकडून जास्तीचं काही घेत नाही. तपासताना हनुवटीला बोट लावून म्हणते, "मान सरळ ठेवा, मामा." दर वेळी मला शरमेनं घाम फुटतो आणि ती पंखा लावते.

तर ही लाल गिटार भाचीला मिळावी. देतो असं लिहायची मला लाज वाटते, कारण ती तिचीच आहे.

६. माळ्यावरची पीळ पडलेली अस्सल गिटार दुकानाच्या दारात टांगावी, खाली पाटी असावी: 'हिच्या मानेत पीळ आहे. पारखीनं काढलेला नाही.'

७. मी गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी हा कागद दुकानात, त्याच मंडळींसमोर, वकीलबाईंनी मोठ्यानं वाचावा. भाचीला पुढच्या खुर्चीवर बसवावं.

पुरवणी, पाच दिवसांनंतर.

साक्षीदार म्हणून सही करशील का, असं विचारायला मी रस्ता ओलांडून खोकेवाल्याकडे गेलो. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या दुकानात पाऊल टाकलं. त्यानं स्टुलावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना थांबा म्हणाला. मला वाटलं, आता कागद तोंडावर फेकेल. त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "हत्यारं मला देतोस, मग मी साक्षीदार कसा? ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, एवढं मलाही कळतं. आणि पारखी, मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? तेव्हा समोर तू नसणार." मग म्हणाला, हत्यारं आत्ता दे, तिची गिटार तिला आत्ता दे, मग सही करतो.

हत्यारं त्याच संध्याकाळी दिली. दुसरं काम करायला तीन दिवस लागले, त्यातले दोन नुसते जिन्यावर बसून गेले.

आज दुपारी भाचीला बोलावलं. तिच्यासमोर उभा राहून कलम तीनपासून पाचपर्यंत वाचलं. बायको आतून येऊन दारात उभी राहिली, नळ बंद होता. वाचून झाल्यावर भाचीनं पेटी उघडली. कलम तीन डाव्या हातात धरून, लिहिलं आहे तसं, तार दाबून पाहिली, फटीत कागद सरकवून पाहिला, मग गिटार डोळ्याशी धरली. दिवसाला तीस माणसांचे डोळे तपासणारी ती, तिला वेळ लागला नाही.

"सरळ आहे," ती म्हणाली.

तिनं गिटार मांडीवर घेतली.

"तेव्हाही होती?"

"होती."

तिनं पातं मागितलं. डोक्यावरचं नाव ती खरवडू लागली तेव्हा मदतीला मी हात पुढे केला. "राहू द्या," म्हणाली. सगळं नाव निघेपर्यंत तासभर तेवढाच आवाज होता. मी तिची माफी मागितली. तिनं पातं पुसून टेबलावर ठेवलं, कागद हातात घेतला आणि विचारलं, यात आता माझ्या नावावर काही उरलं नाही ना? नाही म्हणालो. मग दुसरी साक्षीदार मी होते, म्हणाली.

सबब कलम तीनमधली हत्यारं आणि कलम पाचमधली गिटार या मृत्युपत्रातून वगळली आहेत, कारण त्या आता माझ्या वस्तू नाहीत. कलमं खोडली आहेत, पण शनिवारी मोठ्यानं वाचता येतील एवढ्या बारीक रेघेनं. सातवं कलमही पाळायचं आहे, फक्त मी मरायची वाट बघायची नाही. येत्या शनिवारी मीच वाचेन.

हे सर्व माझ्या अक्षरात, वाचून, समजून, सही केली.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: १९ सप्टेंबर

(सही)
पारखी. हे नाव मी यापुढे लावणार नाही, ओळख पटावी म्हणून शेवटचं.

साक्षीदार १: आमच्यासमोर सही केली, शुद्धीत होते. तीन कानशींपैकी एक बोथट आहे, बाकी हत्यारं मिळाली.
(सही) खोकेवाला

साक्षीदार २: आमच्यासमोर सही केली. मान मी स्वतः तपासली, सरळ आहे. मामांना माफ केलं असं या कागदात कुठेही लिहिलेलं नाही, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. शनिवारी मी येणार आहे, गिटार घेऊन.
(सही) भाची