खोली रुंद झाली कशानं?

आदरणीय विहीणबाईंना तुमच्या लेकीच्या सासूचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातून, कंबर आता ऐकत नाही.) न्हाणीत पडलात तेव्हापासूनचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे खुशाल, पण मी पार हबकून गेले आहे, म्हणून हा कागद. चौथीतल्या अक्षराला सांभाळून घ्या.

मला आपलं वाटायचं, नव्या घराचा नकाशा काढला की घर तसंच्या तसं उगवतं. कसलं हो! आमची इंजिनियरबाई (वयानं पोरगी, पण ती आली की मिस्त्रीसुद्धा टोपी सावरतो) मला म्हणाली, आजी, बांधकाम म्हटलं की बदल आलेच, पण प्रत्येक बदलाला प्रकार असतो आणि कारण असतं. काही वाढतं, काही गळतं, काही इकडचं तिकडं जातं, हे झाले प्रकार. आणि कारणं चार: मालकाला लहर आली, नकाशात चूक निघाली, जमिनीनं दगा दिला, नाहीतर नियम आडवा आला. मी तोंडात बोटच घातलं! हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर तुमच्या व्याह्यांचंही कारण लावून ठेवलं असतं. लग्नाआधी तासन्‌तास बोलायचे, नंतर फक्त "हं". नकाशातलीच चूक, दुसरं काय!

तर पाया खणताना खडक लागला आणि जिना उजवीकडचा डावीकडे गेला. जमिनीचा दगा. मग आमच्या चिरंजीवांनी कुणाची तरी गच्ची पाहिली आणि आपल्यालाही वर झोपाळा हवा म्हणून बसले. "ही लहर नाही, गरज आहे," म्हणे. इंजिनियरबाई शांतपणे म्हणाली, "सगळे मालक हेच म्हणतात. लहरीतच घालते." मी पदर तोंडात कोंबून हसले.

पण खरा धक्का परवाचा. भिंती कमरेएवढ्या आल्या आणि टेप लावली, तर माझी खोली चांगली खाटभर रुंद! आणि तेवढंच स्वयंपाकघर अरुंद. तुमची लेक कडाडली, "माझा ओटा काय डोक्यावर बांधू?" (आवाज अगदी तुमच्यावर गेलाय हो.) इंजिनियरबाईनं टेप फिरवून फिरवून लावली. नकाशा बरोबर, जमीन गुणी, नियम गप्प, आणि मालक शपथेवर सांगतोय की मी नाही. मिस्त्रीला विचारलं तर त्याचं नाक लाल. "चुन्याच्या फक्कीची रेघ जिथं होती तिथं खणलं. रेघ काय मी खाल्ली?" मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे, कारण रोज सकाळी जागा झाडते ती मी. म्हटलं, सरकली असेल बाई झाडूखाली, केराला का डोळे असतात? पोरीनं कपाळाला हात लावला. पाचवं कारण निघालं म्हणे: घरातलं माणूस!

आता ती म्हणते, वाढीव जागेला खरंच गरज असेल तर भिंत ठेवू आणि ओटा काटकोनात वळवू. नसेल तर सोमवारी भिंत पाडायची.

तुमच्या लेकीची काळजी नको. सकाळी तुम्हाला फोन लावते आणि तुम्ही उचलेपर्यंत चहा तसाच गार होतो, तेवढं सोडलं तर तब्येत छान.

तुमची,
विहीण

ता. क. झाडूला उगाच बोल लावला. रेघ मी मुद्दाम पुसली आणि खाटेच्या रुंदीची दोरी धरून दुसरी ओढली. सरळ आली हो! मिस्त्रीलासुद्धा कळलं नाही. कुणाला सांगू नका.

आणखी ता. क. त्या वाढीव जागेत दुसरी खाट येईल, ती तुमची. लेकीच्या घरी राहायचं नाही, हे तुमचं पालुपद मला पाठ आहे. पण खोली माझी आहे, लेकीची नव्हे. लेकीला भेटावंसं वाटलं तर दार उघडून बाहेर जात जा. मात्र सोमवारच्या आत एक पिशवी घेऊन येऊन उभ्या राहा, म्हणजे इंजिनियरबाईला कारण दाखवता येईल.

राहिलंच. तुम्ही घोरता का? घोरत असाल तर सांगूच नका. आणखी एक भिंत हलवायची ताकद आता माझ्यात नाही.